विस्कटलेला दिवस आणि स्वयंपाकघराची वेळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी जाऊन दीड वर्ष झाले, दारू सुटून जेमतेम सात आठवडे, संसार मोडला आहे, देणी अंगावर आहेत आणि दिवस दुपारी सुरू होतो. अशा वेळी एका मित्राने सामुदायिक स्वयंपाकघरात (जिथे गरजूंना जेवण दिले जाते) स्वयंसेवक म्हणून जाण्याचे सुचवले आहे. त्याने खरोखर काही बदलते की ती नुसती मनाची समजूत आहे, तिथे स्वतःविषयी किती सांगावे, आणि तिथेही नीट जमले नाही तर काय करावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

गेली एकोणीस वर्षे मी अशा स्वयंपाकघरातील स्वयंसेवकांच्या नेमणुका आणि देखरेख पाहते. त्याआधी काही वर्षे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक होते. त्या अनुभवावरून सांगते की होय, बदलते. पण तुमच्या मित्राने जे कारण सांगितले असेल, त्या कारणाने बहुधा नाही. चांगले काम केले की मन हलके होते, दुसऱ्याचे दुःख पाहिले की आपले लहान वाटते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. दुसऱ्याचे हाल पाहून आलेला दिलासा फार दिवस पुरत नाही, आणि खरे सांगायचे तर तो पुरू नये हेच बरे. माणसे सावरताना मी पाहिली ती याहून पुष्कळ साध्या गोष्टीमुळे. जेवणाला वेळ असते, आणि ती वेळ कोणाच्या मनःस्थितीसाठी थांबत नाही.

साडेबारा वाजता दोनशे माणसे जेवायला येणार असतील, तर सव्वाबारापर्यंत अन्न वाढण्याच्या जागी पोहोचले पाहिजे. त्यासाठी दहाच्या सुमारास मोठी पातेली शेगडीवर चढली पाहिजेत, त्यासाठी साडेनऊपर्यंत चिराचिरी उरकली पाहिजे, आणि त्यासाठी कोणीतरी साडेसातला दार उघडून धुणे-निवडणे सुरू केले पाहिजे. हा हिशेब जेवणापासून मागे मागे येत शेवटी तुमच्या अंथरुणापर्यंत पोहोचतो. घरी बसून तुम्ही स्वतःसाठी कितीही नेटके वेळापत्रक आखले, तरी ते मोडल्याचे तुमच्याखेरीज कोणाला कळत नाही, आणि स्वतःला माफ करण्याची किंवा स्वतःला शिव्या देण्याची सवय तुम्हाला आता चांगलीच झाली असणार. इथे मात्र तुम्ही आला नाहीत तर वीस किलो कांदा तसाच पडून राहतो आणि शेजारच्या माणसाला दोघांचे काम करावे लागते. एवढी गरज कोणालातरी असणे, हे ज्याची कोणीच वाट पाहत नाही त्याच्यासाठी फार मोठे असते.

यामागचे तत्त्व मानसोपचारात चांगले परिचित आहे. ‘आधी उभारी येऊ दे, मग मी उठेन’ हा क्रम खिन्न माणसाला स्वाभाविक वाटतो. पण बहुतेक वेळा उठल्यानंतर, काही केल्यानंतर, मागाहून उभारी येते. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइन्सन यांनी असे मांडले की समाधान देणाऱ्या कृतींपासून माणूस जसजसा दूर जातो तसतशी खिन्नता घट्ट होत जाते, आणि म्हणून उपचाराची सुरुवात कृतीपासून करता येते. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार आणि वर्तन यांवरील उपचाराचे घटक वेगवेगळे करून तपासले, तेव्हा केवळ कृती वाढवण्याचा भागही संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडल्याचे त्यांना आढळले. स्वयंपाकघर हा काही उपचार नव्हे, पण या तत्त्वासाठी याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही. इथले प्रत्येक काम लहान असते, डोळ्यांसमोर पुरे होते, आणि ते झाले की नाही याबद्दल वाद राहत नाही. पातेले घासले गेले असते किंवा नसते.

दुसरे कारण ‘देणाऱ्याच्या बाजूला’ उभे राहण्याचे आहे. संकटात सापडलेला माणूस महिनोन्‌महिने फक्त घेणाऱ्याच्या जागी असतो: डॉक्टरांसमोर, सावकारासमोर, नातेवाइकांसमोर, सल्ला देणाऱ्या प्रत्येकासमोर. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरात एका व्यवहारात अपयश आल्यावर बिल विल्सन यांना पुन्हा पिण्याची ओढ लागली, तेव्हा स्वतःला वाचवण्यासाठी त्यांनी बोलायला दुसरा मद्यपी शोधला. त्या शोधात डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ जन्मली. मदत करणाऱ्यालाच मदतीचा लाभ होतो हे तत्त्व फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली एका लेखात स्पष्टपणे मांडले. पुढे गुन्हेगारीचे अभ्यासक शॅड मारुना यांनी लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारीतून बाहेर पडलेल्या आणि न पडलेल्या माणसांच्या जीवनकथा ऐकून २००१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर पडलेली माणसे आपला भूतकाळ पुसून टाकत नव्हती. त्या भूतकाळाचा पुढच्या कोणालातरी उपयोग व्हावा, अशी आपल्या आयुष्याची गोष्ट ती सांगत होती.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. स्वयंसेवक इतरांपेक्षा अधिक निरोगी आणि समाधानी असतात असे पुष्कळदा वाचायला मिळते, पण मुळात ज्यांची तब्येत आणि मन बरे असते तीच माणसे अशा कामाला जास्त संख्येने येतात. म्हणून कोणी तुम्हाला हमी देऊ लागले तर तिच्यावर विसंबू नका. मीही देत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. पहिले दोन महिने भांडी घासण्याचे काम मागून घ्या. हे मी तुमची परीक्षा पाहण्यासाठी सांगत नाही. त्या जागी पाठ लोकांकडे असते, हात गुंतलेले असतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचे झाले तर त्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. ज्याला समोरासमोर बसून एक वाक्य बोलता येत नाही, तो पातेले विसळता विसळता अर्धे आयुष्य सांगून जातो, असे मी कितीदा तरी पाहिले आहे; आणि ज्याला काहीच बोलायचे नाही, त्याला पाण्याच्या आवाजाचा आडोसा मिळतो. शिवाय भांडी घासणाऱ्याकडून कोणी गोड हसण्याची अपेक्षा ठेवत नाही. वाढण्याच्या जागी ती असते, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात, झोप धड नसताना, ती तुम्हाला झेपेलच असे नाही.

बरेच जण याच्या उलट करतात. एक गृहस्थ पूर्वी मोठ्या हुद्द्यावर होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोठीची नोंदपद्धत कशी चुकीची आहे हे मला सविस्तर समजावून सांगितले आणि ती सुधारण्याची तयारी दाखवली. त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि माणसांची टंचाई असल्यामुळे मी त्यांना कोठी दिली. तीन आठवड्यांत त्यांच्या हाती किल्ल्या, पुरवठादारांचे फोन आणि दोन भांडणे आली, आणि एका सोमवारी ते आलेच नाहीत. चूक माझी होती. जुन्या आयुष्यात ज्या ओझ्याखाली ते मोडले होते, तेच ओझे मी त्यांच्या डोक्यावर नव्याने ठेवले होते. सात महिन्यांनी ते परत आले, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले की मला फक्त भाजी निवडायला द्या. पुढे दोन वर्षे त्यांनी तेवढेच केले, आणि मला ते कमी वाटले नाही.

चिरण्याच्या ओट्यावर जाल तेव्हा सुरी कशी धरायची हे विचारायला लाजू नका. धार गेलेली सुरी धारदार सुरीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि ती निसटते; चिरण्याच्या फळीखाली ओले फडके अंथरले की फळी सरकत नाही; आणि कोणाच्या मागून गरम भांडे नेताना मोठ्याने सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचे नसते. हात थरथरत असतील तर त्या दिवशी सुरी घेऊ नका आणि तसे सांगा. कारण सांगण्याची गरज नाही.

अन्नसुरक्षेचे नियम मात्र मनापासून शिकून घ्या, कारण माझ्या मते या जागेचा खरा आधार त्यांच्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले आकडे सोपे आहेत: अन्न आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सिअस तापेल असे शिजवावे, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवावे, उरलेले ५ अंशांच्या खाली थंड करावे, आणि शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये. घरच्या लहान भांड्यात हे नकळत पाळले जाते; चाळीस लिटरच्या पातेल्यात पाळले जात नाही, कारण एवढे अन्न मधल्या भागात तासन्‌तास कोमट राहते आणि शिजवताना तग धरलेल्या जंतूंच्या बीजाणूंना वाढायला तेवढा अवधी पुरतो. भातातला बॅसिलस सिरियस आणि मोठ्या प्रमाणावर शिजवलेल्या मांसातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हे जंतू ही त्याची नेहमीची उदाहरणे. म्हणून उरलेले अन्न लगेच उथळ भांड्यांत विभागतात, तापमान मोजतात आणि वेळेसह वहीत लिहून सही करतात.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, ज्याच्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही, त्याच्यासाठी ती वही महत्त्वाची असते. तापमापकाला तुमचा भूतकाळ ठाऊक नसतो. ५८ अंश म्हणजे ५८ अंश. तो आकडा मुख्य आचाऱ्याने मोजला तरी भांडे पुन्हा शेगडीवर चढते आणि तुम्ही मोजला तरी चढते. दारूच्या काळात माणसाला खोटे बोलण्याची सवय लागते, आणि ते खोटे पुष्कळदा लहानसे, सोयीचे असते: झाले म्हणायचे, बघतो म्हणायचे. वहीत न मोजलेला आकडा लिहिण्याचा मोह तुम्हालाही एखाद्या दिवशी होईल. त्या दिवशी ‘मोजायचे राहिले’ असे लिहा. अशी नोंद पाहून मी आजवर कोणावर रागावलेले नाही. खोटा आकडा सापडल्यावर मात्र दोघांना काम सोडायला सांगितले आहे.

याच नियमांत एक असाही आहे की, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर त्या थांबल्यानंतर निदान ४८ तास स्वयंपाकघरात यायचे नाही. नव्याने सावरणाऱ्या माणसाला हे कठीण जाते. एक दिवस चुकला तर सगळे पुन्हा ढासळेल या भीतीने तो आजारी असतानाही येतो. पण न येणे आणि न कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकण्याची इथे उत्तम संधी असते.

स्वतःविषयी किती सांगावे, हा तुमचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. स्वयंसेवकांचे काम पाहणाऱ्या एकाच व्यक्तीला, काम सुरू करण्याआधी, दोन-तीन वाक्यांत सांगा: दारू सोडून अमुक आठवडे झाले आहेत, उपचार चालू आहेत किंवा नाहीत, आणि पहिले सहा महिने मला पैसे व किल्ल्या यांपासून दूर ठेवावे. शेवटचे वाक्य स्वतःहून म्हणणाऱ्या माणसाविषयी माझ्यासारखीला जे कळायचे ते कळते. तुमच्यावर खटला किंवा शिक्षा झालेली असेल तर तेही आधीच सांगावे, कारण जिथे मुलांचा संबंध येतो तिथे पूर्वचौकशी होऊ शकते, आणि मागाहून उघड झालेली गोष्ट आधी सांगितलेल्या गोष्टीपेक्षा नेहमीच मोठी दिसते. बाकीच्यांना काहीही सांगण्याचे बंधन नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मन मोकळे करणाऱ्यांपैकी बरेच जण तिसऱ्या दिवशी येत नाहीत. सांगून टाकलेल्याची लाज त्यांना दारातून आत येऊ देत नाही.

पाळी निवडताना आपले वाईट तास कोणते ते आधी पाहा. तुमच्या लिहिण्यावरून सकाळ वाया जाते आणि संध्याकाळी ओढ लागते असे दिसते. सकाळची पाळी घेतली तर उठावे लागेल, आणि उठण्याची वेळ पक्की झाली की झोप हळूहळू ताळ्यावर येते. संध्याकाळची घेतली तर ज्या तासांत हात ग्लासाकडे जात होता ते तास भरून निघतील. मी तुमच्या जागी असते तर आठवड्यातून एक सकाळ आणि एक संध्याकाळ घेतली असती, आणि पहिले तीन महिने त्याहून एकही पाळी अधिक घेतली नसती. तुम्हाला आग्रह होईल. अशा जागी माणसे नेहमीच कमी असतात, आणि जो नाही म्हणत नाही त्याच्यावर कामे येऊन पडतात. आम्ही व्यवस्थापक या बाबतीत फारसे विश्वासार्ह नसतो, हे मी स्वतःला धरूनच सांगते. आठवड्याचे सातही दिवस येणारा माणूस मला पूर्वी आदर्श वाटत असे. आता मी त्याला विचारते की घरी देण्यांची कोणती पाकिटे न फोडलेली पडली आहेत.

तुमच्या देण्यांचे काम स्वयंपाकघर करणार नाही. ते वेगळे बसून, शक्य तर जाणकाराच्या मदतीने, कागदावर मांडावे लागेल; पाळी नसलेल्या एका सकाळी ते करा, कारण ठरल्या वेळी उठण्याची सवय तोवर लागलेली असेल. नोकरीच्या बाबतीतही भ्रम नको. सामुदायिक स्वयंपाकघराला जोडून रीतसर प्रशिक्षण देणारे प्रयोग आहेत: रॉबर्ट एगर यांनी १९८९ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू केलेल्या डी. सी. सेंट्रल किचनमध्ये तुरुंगातून सुटलेल्या, बेघर झालेल्या आणि व्यसनातून बाहेर पडणाऱ्या लोकांना स्वयंपाकाचे व्यावसायिक शिक्षण दिले जाते, आणि सॅन फ्रान्सिस्कोमधील डिलान्सी स्ट्रीट ही १९७१ सालची संस्था तर तिथे राहणाऱ्यांनीच चालवलेल्या उपाहारगृहासारख्या व्यवसायांसाठी ओळखली जाते. पण तिथे शिकवण्याची ठरलेली व्यवस्था असते. साध्या स्वयंसेवकाच्या कामातून नोकरी आपोआप निघत नाही. सहा महिने नियमित आल्यावर अनुभवाचे पत्र आणि अन्नसुरक्षेच्या परीक्षेला बसण्याची संधी मागा. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगते. तुम्ही सात आठवडे दूर आहात म्हणून तुम्हाला हे लागू नाही, पण पुन्हा प्यायला सुरुवात होऊन ती रोजची झाली, तर दारू एका दिवसात तोडून कामावर येण्याचा प्रयत्न करू नका. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने ती अचानक थांबवली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रमाची अवस्था येऊ शकते. ती प्राणावर बेतू शकते आणि तिच्यावर वैद्यकीय देखरेखीखाली उपाय आहेत. तसेच जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर पाळीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा विश्वासाच्या माणसाकडे जा. या दोन्ही गोष्टी स्वयंपाकघराच्या कुवतीबाहेरच्या आहेत.

जेवायला येणाऱ्यांशी वागण्याचा प्रश्न उरतो. त्यांच्यातले काही तुम्हाला स्वतःसारखे वाटतील, काही जुन्या बैठकीतले ओळखीचेही निघतील. त्यांना उसने पैसे देऊ नका आणि घेऊ नका, आणि कोणाला सुधारायला जाऊ नका. सात आठवड्यांच्या माणसाने सात दिवसांच्या माणसाला दिलेला उपदेश दोघांनाही जड जातो. अन्न वाढताना त्यांचे नाव लक्षात ठेवलेत तर तेवढे पुष्कळ आहे.

पहिल्या दिवशी नेमून दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी या. नखे कापलेली, केस झाकलेले, पायांत बंद बूट असावेत. आल्यावर हात साबणाने वीस सेकंद धुवा आणि खरकटी भांडी कुठे जमा होतात ते विचारा. निघण्यापूर्वी यादीत पुढच्या पाळीसमोर आपले नाव लिहून, व्यवस्थापकांचा फोन नंबर घेऊन जा.

आणि तिथेही जमले नाही तर काय, याविषयी. तुमची एखादी पाळी चुकणार आहे. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पहिल्या काही महिन्यांत चुकली आहे, कोणाची झोपेमुळे, कोणाची दारूमुळे. त्या सकाळी फोन करणे हे सगळ्यांत अवघड काम असेल, पण ते कराच, कारण फोन केला नाही तर लाजेने दुसरीही पाळी चुकते आणि मग परत येण्याचा रस्ताच दिसेनासा होतो. कारण रचत बसू नका. साडेसहाच्या आत ‘आज मी येत नाही, गुरुवारी येतो’ एवढेच सांगा. साडेसातला दार उघडण्यापूर्वी आम्हाला दुसरे दोन हात शोधायला तासभर मिळतो, आणि गुरुवारच्या यादीत तुमचे नाव तसेच राहते.